विसावी वायर

१

सोमवारी सकाळी विनयचा फोन आला तेव्हा मी आधीच वैतागलेलो होतो. दिवाळी तीन आठवड्यांवर आलेली, आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचा मी संपादक, आणि शुक्रवारपासून अंकाच्या फायली उघडत नव्हत्या. त्यात आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे मंजुषाने, पोह्यांत मीठ कमी घातलं होतं.

"काका, काकूंना घेऊन लगेच या," विनय म्हणाला. "कंपनी बंद पडली."

विनय म्हणजे माझ्या दिवंगत मित्राचा मुलगा. इथे अमेरिकेत, आमच्या नोव्हाय गावातच त्याचा सव्वीस माणसांचा कारखाना आहे. गाड्यांच्या सीटखाली बसणारे लोखंडी ब्रॅकेट बनवतो. फोन मला केला असला तरी काम काकूंकडे होतं, हे मला चाळीस वर्षांच्या संसारानंतर समजावून सांगावं लागत नाही. मी गाडी काढली.

ऑफिसात पोचलो तर सगळे पडदे लालभडक. प्रत्येकावर तोच मजकूर, इंग्रजीत. तुमच्या सर्व फायलींना आम्ही कुलूप लावलं आहे, घाबरू नका, अमुक इतकी खंडणी भरा म्हणजे किल्ली देऊ, आमची ग्राहकसेवा चोवीस तास उपलब्ध आहे. माझ्या दातांच्या इन्शुरन्सवाल्यांनी मला इतक्या प्रेमाने कधी लिहिलेलं नाही. खाली उलटं चालणारं घड्याळ होतं. बहात्तर तासांपासून सुरू झालेलं, आता सत्तेचाळीस तास उरले होते. ते शून्यावर आलं की रक्कम दुप्पट.

"भरून टाकू का काकू?" विनय घाम पुसत म्हणाला. "मोजमापाचा रिपोर्ट प्रिंट झाल्याशिवाय एक खोका बाहेर जात नाही. ट्रक उभा आहे."

"चोराला पैसे देऊन किल्ली मिळेलच याची पावती देतो का तो?" मंजुषाने पर्स खाली ठेवली. "कुठलंही मशीन बंद करू नका, पुरावा जाईल. फक्त सगळ्यांच्या नेटवर्कच्या वायरी काढा. पडद्यांचे फोटो काढा. इन्शुरन्सवाल्यांना आणि एफबीआयला कळवा. आणि या ग्राहकसेवेशी कुणी गप्पा मारायच्या नाहीत."

"वायरी काढल्यात, फोनही झालेत," अनीश म्हणाला. हा विनयचा कॉम्प्युटरवाला, पस्तिशीचा, अत्यंत हुशार आणि ते दिवसभर सांगत असणारा. "शनिवारचा बॅकअपही आहे. सेफ आहे, मी चेक केलंय."

"मग मला कशाला बोलावलंत?"

विनयने दार लावून घेतलं. "कुणी केलं ते मला माहीत आहे, काकू. कसं काढायचं तिला, तेवढं सांगा."

२

आमच्या सौभाग्यवतींची ओळख करून द्यायला हवी. तिने तीस वर्षं एका मोटार कंपनीच्या वॉरंटी विभागात काढली. गाडी बंद पडली की गिऱ्हाईक म्हणतं, मी काही केलं नाही. डीलर म्हणतो, मी काही केलं नाही. कारखाना म्हणतो, आम्ही तर काहीच केलं नाही. या तिघांमधून कुणी काय केलं ते काढायचं, हा तिचा धंदा. रिटायर झाल्यापासून हा सगळा अनुभव ती एकट्या माझ्यावर वापरते.

विनयचा संशय होता कादंबरीवर. कादंबरी नागपूरची, एकोणतीस वर्षांची, मालाची तपासणी बघणारी इंजिनियर, वर्क व्हिसावर. शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तिला एक मेल आली, ग्राहकाची तक्रार म्हणून. तिने जोडलेली फाइल उघडली. रविवारी कंपनी बंद.

"सिंपल आहे," विनय म्हणाला. त्याच्यासमोर पिवळ्या कागदांचं पॅड होतं. कॉम्प्युटर बंद म्हणून बिचारा हाताने लिहीत होता आणि बोटं दुखत होती. एक कागद म्हणजे कादंबरीला कामावरून काढल्याचं पत्र. दुसरा म्हणजे मोठ्या ग्राहकाला आज पाचच्या आत पाठवायचा फॉर्म. मोटारींच्या धंद्यात काहीही बिघडलं की हा फॉर्म भरावाच लागतो. त्यात त्याने लिहिलं होतं: मूळ कारण, कर्मचाऱ्याची चूक. उपाय, कर्मचाऱ्याला काढलं.

मंजुषाने तो वाचला आणि चष्मा काढला. हे लक्षण चांगलं नसतं.

"मूळ कारणाच्या रकान्यात माणसाचं नाव आलं की समजायचं, शोधणाऱ्याला घरी जायची घाई होती. बोलव तिला."

कादंबरी आली ती रडून डोळे सुजलेली, पण ताठ.

"मी फाइल उघडली काकू, ते खरंच आहे. स्क्रीन लुकलुकली. मी त्याच मिनिटाला अनीशला जाऊन सांगितलं, विनयला मेल टाकली. आणि आज सकाळपासून कोणी माझ्याशी बोलूनच नाही राहिलं."

"तुझा लॅपटॉप कुठाय?"

"अनीशने शुक्रवारीच नेला."

"माझ्या ड्रॉवरमध्ये आहे," अनीश म्हणाला. "लॉक करून ठेवला. बॅटरीही संपली असेल. सोमवारी बघू म्हटलं."

"घरी कोण असतं गं तुझ्या?" मंजुषाने मध्येच विचारलं.

"मी एकटीच. आई येतेय डिसेंबरमध्ये, पहिल्यांदा. तिकीट काढलंय." तिने विनयच्या पॅडकडे बघितलं. अक्षर लांबूनही वाचता येण्याइतकं मोठं होतं. "नोकरी गेली तर या व्हिसावर साठ दिवस मिळतात काकू. साठ दिवसांत दुसरी नाही मिळाली तर आईने इकडे यायच्या ऐवजी मलाच तिकडे जावं लागेल."

ती गेल्यावर मंजुषाने तो पत्राचा कागद पालथा घातला. मग म्हणाली, "विनय, गंमत बघ. जिने येऊन सांगितलं तीच एक संशयित. बाकी पंचवीस जणांनी काही सांगितलं नाही, म्हणून ते निर्दोष."

"चारपर्यंत थांबतो, काकू. नंतर सही करणार."

३

बारा वाजता अनीशने शनिवारचा बॅकअप चढवला. मंजुषा नको म्हणत होती. "चोर कुठल्या दारातून आला ते कळल्याशिवाय घरात नवं सामान भरू नये," असं तिचं म्हणणं. पण ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, आणि हुशार माणसाला बायकांनी थांबवलेलं आवडत नाही.

"सगळी एकोणीस मशीन पुसून कोरी केली आहेत काकू. प्रिंटर, सर्व्हर, सगळं धरून. चिंता करू नका."

वायरी परत लागल्या. पडदे निळे झाले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. विनयने मला मिठी मारली, कारण मी जवळ उभा होतो.

एक वाजता पडदे पुन्हा लाल झाले. घड्याळ नव्याने बहात्तर तासांपासून सुरू. या वेळी खाली एक ओळ जास्त होती: तुम्ही आमचा विश्वासघात केला आहे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

अनीश खुर्चीत बसला. विनय म्हणाला, "तिच्याच मेलमधून आलं असणार हे परत."

"तिचा लॅपटॉप ड्रॉवरमध्ये कुलपात आहे," मंजुषा म्हणाली. "तो शुक्रवारपासून कशालाच जोडलेला नाही. बाकीची एकोणीस अनीशने स्वतः कोरी केली. मग आज एक वाजता कुलूप लावलं कुणी? अनीश, पुन्हा सगळ्या वायरी काढ. एकूणएक."

त्याने काढल्या. मग ती आम्हाला घेऊन मागच्या बोळातल्या लोखंडी कपाटाशी गेली, जिथे साऱ्या वायरी येऊन मिळतात. तिथे प्रत्येक वायरीला एक हिरवा दिवा असतो. एकोणीस दिवे विझलेले होते.

विसावा लुकलुकत होता.

४

अनीशने यादी तीनदा वाचली. "विसावं मशीनच नाहीये आपल्याकडे."

"मशीनला तुझी यादी वाचता येत नाही," मंजुषा म्हणाली आणि त्या वायरीवर हात ठेवून चालू लागली. वायर भिंतीवरून गेली, कोपऱ्यात वळली आणि गोदामाच्या खोलीत शिरली.

आता मला इथे एक कबूल करायला हवं. वायर वळली तेव्हा मला भूक अजिबात नव्हती. मी म्हटलं, "मंजुषा, दोन वाजलेत. आधी जेवून घेऊ या का?"

"तुम्ही जेवा," ती म्हणाली.

त्या खोलीत विनय मंडळाचं गणपतीचं सामान ठेवू देतो. थर्माकोलचे खांब, मखर, दिव्यांच्या माळा, सतरंज्या. सप्टेंबरमध्ये विसर्जन झाल्यावर आम्हीच खोके रचले होते, छतापर्यंत. अनीश एकेक खोका उतरवू लागला. धूळ इतकी की तो शिंकून बेजार झाला. शेवटच्या खोक्यामागे टेबल होतं, टेबलावर प्लॅस्टिकच्या झेंडूची माळ, आणि माळेखाली एक जुनापुराणा कॉम्प्युटर, चालू. पंखा घरघरत होता.

पडदा लाल होता. फक्त घड्याळात शून्य शून्य शून्य.

"अरे यार," अनीश पुटपुटला. "हे तर स्क्रॅप केलं होतं. मी जॉइन व्हायच्या आधीच."

मंजुषाने घड्याळाकडे बघितलं, मग आपल्या मनगटाकडे, आणि बोटांवर मोजायला लागली. "बाकीच्यांची घड्याळं रविवारी सुरू झाली. हे आता दोन वाजता संपलेलं आहे. बहात्तर तास मागे गेलं की शुक्रवारचे दोन. म्हणजे याला कुलूप लागलं ते शुक्रवारी दोनच्या आधी. आणि कादंबरीला मेल आली शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी."

"म्हणजे तिची मेल…" अनीश थांबला.

"नुसती कचरा मेल असेल. तुम्हाला रोज येतात तशी. चोर या दारातून आला, इथे दोन-तीन दिवस मुक्काम केला आणि मग सगळीकडे फिरला. आज बाकीचं घर तू झाडलंस, पण तो इथेच बसलेला होता." तिने ती वायर उपटली. बोळातला विसावा दिवा विझला असणार. "आता कुणी हे दार उघडं ठेवलं, तेवढं राहिलं."

अनीश बॅकअप परत चढवायला पळाला. मंजुषाने टेबलावर बोट फिरवून धूळ बघितली, कीबोर्डवरची बघितली, रचलेले खोके बघितले. माझ्याकडे मात्र तिने बघितलं नाही.

५

कुणी दार उघडं ठेवलं ते तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्याही आलं होतं.

आमच्या दिवाळी अंकाचा फॉन्ट वीस वर्षांपूर्वीचा आहे. तो फक्त त्या जुन्या मशीनवर चालतो. नव्या कॉम्प्युटरवर अंक उघडला की सगळ्या कवितांचे चौकोन होतात. काही कविता चौकोनांत बऱ्या दिसतात, ते सोडा. पण म्हणून मंडळाने ते मशीन टाकू दिलं नाही, आणि विनयने ते बापाच्या मित्राकडे बघून गोदामात ठेवू दिलं. पूर्वी मी इथे येऊन बसायचो. या वर्षी गुडघा दुखतो म्हणून मी एक फुकटचा प्रोग्रॅम त्यावर टाकला, घरच्या डायनिंग टेबलावरून ते मशीन चालवता यावं म्हणून. पासवर्ड ठेवला एक ते आठ आकडे, ओळीने. तो मंडळाच्या दोनशे तीस जणांच्या ग्रुपवर टाकला, लेखकांना आपापली मुद्रितं तपासता यावीत म्हणून. आमचे लेखक विसराळू आहेत, त्यांना सोपा पासवर्ड लागतो. चोरांनाही तोच आवडतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

गणपतीच्या वेळी विनय म्हणाला होता, "काका, ते मशीन आता बंद करा हं." मी हो हो म्हटलं होतं. आणि शुक्रवारी सकाळी घरून ते मशीन लागेना, फायली उघडेनात तेव्हा मी अनीशला विचारू शकलो असतो. पण विचारलं असतं तर मशीन चालू आहे हे बाहेर पडलं असतं. म्हणून मी इंटरनेट कंपनीला शिव्या देऊन गप्प बसलो.

आता तीन वाजले होते. चारला त्या पोरीच्या पत्रावर सही होणार होती. मी स्वतःशी म्हणालो, मंजुषा सांगेलच की घड्याळाचं. कादंबरी सुटेल. मशीन कुणाचं ते कुणी विचारणारही नाही. जुनं मशीन होतं, राहिलं चालू, संपलं. मंडळात माझं एक नाव आहे, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी ते कशाला घालवा?

खाई त्याला खवखवे. मी तासाभरात चार कप कॉफी प्यालो आणि पाच वेळा बाथरूमला गेलो. पाचव्या वेळी परत आलो तेव्हा सगळे विनयच्या केबिनमध्ये जमले होते.

६

मंजुषाने घड्याळाचं गणित मांडलं. विनयने ते स्वतः दोनदा करून बघितलं.

"बरं, मेल नव्हती," तो म्हणाला. "पण मशीन तर कुणीतरी चालू ठेवलं ना? गोदामाची किल्ली कादंबरीकडेच असते. ग्राहकाला मला काहीतरी लिहावं लागेल, काकू. कुणाचं तरी नाव पाहिजे."

याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी. कादंबरीने किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला.

"किल्ली असून उपयोग नाही," मंजुषा शांतपणे म्हणाली. "त्या टेबलापुढे सप्टेंबरपासून छतापर्यंत खोके आहेत. खोक्यांवरची धूळ तशीच होती, कीबोर्डवरही होती. तिथे बसून कुणी काम केलेलं नाही. तरी मशीन चालू होतं. म्हणजे ते वापरणारा माणूस बाहेरून वापरत होता. घरून. आणि त्या मशीनवर एकच काम होऊ शकतं, जे दुसऱ्या कुठल्याही मशीनवर होत नाही."

ती थांबली. चहाचा कप उचलला आणि त्यातच बघत राहिली. पुढचं वाक्य ती बोलणार नव्हती. पाच मिनिटं थांबावं लागलं असतं तर ती थांबली असती.

"मी," मी म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक वाटला. "मीच ते. दिवाळी अंक." आणि मग सगळं सांगितलं. प्रोग्रॅम, पासवर्ड, ग्रुप, हो हो, शुक्रवार.

विनय माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा एकदम सैल झाला आणि तो चक्क हसला.

"अहो काका, तुम्ही होय. जाऊ द्या हो. होतं असं कधी कधी, वयानुसार. टेन्शन घेऊ नका. अनीश, काकांना पाणी दे."

अनीशने पाणी आणलं. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. मी ग्लास तोंडाला लावला.

"मला पण पाणी चाललं असतं," कादंबरी म्हणाली.

कुणाला कळेना. तिने विनयसमोरचं पत्र उचललं.

"मी मेल उघडली आणि एका मिनिटात सांगितलं. मला हे. काकांनी दार उघडं ठेवलं, तीन दिवस नाही सांगितलं. त्यांना पाणी. कंपनी तर तेवढीच बंद पडली ना विनय? मग फरक कशाचा आहे?"

उत्तर त्या केबिनमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. मला काढता येत नव्हतं आणि तिला काढता येत होतं, एवढाच फरक होता.

मंजुषाने तो फॉर्म पुढे सरकवला. "पाचला वीस मिनिटं आहेत, विनय. मूळ कारण नीट लिही. माझ्या नवऱ्याचंही नाव नको. तो मूर्खपणा करणारच, पण हे उद्या दुसराही कुणी करेल."

विनयने नवा कागद घेतला. खूप वेळ लिहिलं, खोडलं. मग वाचून दाखवलं, इंग्रजीतच. यादीत नसलेलं एक मशीन चालू होतं. ते बिघडल्याचं माहीत असलेल्या माणसाने कळवलं नाही. ज्या व्यक्तीने शंका आल्याबरोबर कळवलं तिलाच कंपनीने दोषी धरलं, त्यामुळे पुढेही कुणी कळवलं नसतं. उपाय: दर महिन्याला वायरी मोजणार. चूक कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही.

वाचताना त्याचे कान लाल झाले होते. "चुकलो कादंबरी," तो म्हणाला. "तू इथेच राहतेस ना?"

"विचार करून सांगते," ती म्हणाली आणि पत्र घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवलं.

७

बुधवारी सगळी मशीन उभी राहिली आणि उभीच राहिली. तोवर आम्ही कागद-पेन्सिलीवर रिपोर्ट भरले. ते आमच्या पिढीला येतं, एवढाच काय तो माझा मान राहिला. ग्राहकाने ट्रक स्वीकारला. चोरांच्या ग्राहकसेवेला कुणीही फोन केला नाही.

दिवाळी अंक गेला. त्या मशीनचा बॅकअप कुणी घेत नव्हतं, कारण ते यादीतच नव्हतं. एकशे चोवीस पानं. मंगळवारी सकाळी मी मंडळाच्या ग्रुपवर स्वतः लिहिलं की यंदा अंक नाही आणि चूक माझी आहे. दोनशे तीस जणांपैकी एकाही कवीने मला अजून माफ केलेलं नाही.

गुरुवारी मी कादंबरीकडे गेलो. ती आपल्या टेबलाशी होती, लॅपटॉप परत मिळाला होता. विनयला हो म्हणालीय, हे मला मंजुषाकडून कळलं होतं, पण तिने आधी ते सगळं लेखी मागून घेतलं होतं. मी घरून वाक्य पाठ करून आलो होतो.

"कादंबरी, माझ्यामुळे तुझं इथलं सगळं उठणार होतं. मला दोन वाजता कळलं होतं, आणि मी चारपर्यंत गप्प बसलो. दोन तास. त्याची मला फार लाज वाटते."

तिने हातातलं काम संपवलं, मग वर बघितलं. रागावलेली नव्हती.

"दोन तास नाही काका," ती म्हणाली. "शुक्रवारपासून."